पिवळ्या वर्तुळाचा धाक

(क्रीडाशिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



धनुर्विद्येच्या कोणत्याही सराव मैदानावर चार-आठ सकाळी उभे राहावे, म्हणजे एक दृश्य आज ना उद्या दृष्टीस पडतेच. पंधरा-सोळा वर्षांचा एखादा खेळाडू रेषेवर उभा असतो. दोन-तीन वर्षांचा नियमित सराव, खांदे भक्कम, गेल्या वर्षीपर्यंतचे गुण उत्तम. तो धनुष्य उचलतो, दोरी ओढू लागतो. आणि साईटचा ठिपका पिवळ्या वर्तुळाला लागतो न लागतो तोच, दोरी हनुवटीशी पुरती टेकण्यापूर्वीच, बाण सुटून जातो. "अरे, थांब ना जरा!" मागून प्रशिक्षक ओरडतात. मुलगा मान हलवतो. थांबायचे तर त्यालाही होतेच. पुढील बाणाच्या वेळी तो दात-ओठ आवळून थांबण्याचा निश्चय करतो, आणि तो बाण आधीच्याहूनही लवकर सुटतो.

त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीचे दुखणे नेमके उलटे असते. तिची साईट पिवळ्याच्या खाली, तांबड्या वर्तुळापाशी येऊन खिळते. वर नेऊ म्हटले तरी हात वर जात नाही. जणू मध्ये कोणी अदृश्य दांडी आडवी घातली आहे. अखेर दंड थरथरू लागतात. मग ती धनुष्य उतरवते, किंवा एक हिसका देऊन साईट वर नेते आणि त्याच हिसक्यात दोरी सोडून देते.

या दोन्ही अवस्थांना जगभरचे तिरंदाज 'टार्गेट पॅनिक' म्हणतात. मराठीत त्यास 'लक्ष्यभय' म्हणता येईल. मात्र हे नाव मराठीत आले काय किंवा इंग्रजीत राहिले काय, त्यात अर्धी गफलत आहेच. भय म्हटले की ऐकणारा चटकन म्हणतो, "पोरगं भित्रं आहे." वस्तुतः अशा मुलाची सुरुवात भीतीपासून होत नाही. भीती मागाहून येते, आणि ती बहुधा आपणच आणतो. आजच्या विषयाचे मर्म यातच आहे, आणि शिक्षकांइतकाच तो अधिकारी व पंचायत सदस्य यांच्याही विचाराचा विषय आहे. कारण असा खेळाडू संघात राहणार की निवड यादीतून त्याचे नाव खोडले जाणार, हे बऱ्याचदा मैदानाबाहेर बसलेली माणसेच ठरवतात.

विकार जडतो कसा

नवशिक्याला हा विकार सहसा होत नाही, ही पहिली ध्यानी घेण्याजोगी गोष्ट. त्याचा बाण इकडे-तिकडे जातो तो अंगवळणी न पडल्यामुळे. लक्ष्यभय ज्याला होते त्याला नेम साधता येऊ लागलेला असतो.

रिकर्व्ह धनुष्याच्या ऑलिंपिक स्पर्धेत लक्ष्य 70 मीटरवर असते. लक्ष्याचा कागद 122 सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि दहा गुणांचे वर्तुळ त्यात केवळ 12.2 सेंटिमीटरचे. म्हणजे सत्तर मीटरवरची एक लहानशी बशीच म्हणा ना. इतक्या अंतरावर हातातील साईट कधीच निश्चल राहत नाही. श्वास चालू असतो, हृदय धडधडत असते, वीस किलोच्या आसपासचा ताण बोटांवर असतो. जगज्जेत्याची साईटही पिवळ्यात हलतच असते. अनुभवी खेळाडू ते हलणे मान्य करतो आणि पाठीच्या स्नायूंनी ओढ चालू ठेवतो; ओढ पूर्ण होते तेव्हा दोरी बोटांतून निसटते. परंतु एखाद्या दिवशी एखाद्याच्या मनात येते, की साईट दहाच्या मध्यावर आली त्या क्षणीच बाण सोडून टाकावा. तो क्षण पकडावा. पाच-दहा बाण तसे लागतातही. टाळ्या पडतात. प्रशिक्षक पाठ थोपटतात. आणि विकाराचे बी तेथेच पेरले जाते.

कारण शरीर शिकते ते आपण सांगतो ते नव्हे, घडते ते. पिवळे दिसले, बोटे सुटली. पिवळे दिसले, बोटे सुटली. हे काही हजार वेळा घडल्यावर पिवळे दिसणे हीच बोटांना आज्ञा ठरते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगातील कुत्र्याची गोष्ट शिक्षकवर्गास ठाऊक आहे. ठरावीक खूण होताच त्याच्या तोंडास पाणी सुटे. ते सोडायचे की नाही, हे कुत्रा ठरवत नसे. आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर संध्याकाळी शेतातून परतणारी बैलजोडी पाहावी. घराचे वळण दिसले की बैल आपसूक आत वळतात. गाडीवानाला त्या दिवशी पुढच्या वाडीपर्यंत जायचे असले तरी कासरा ओढून त्यांना सरळ नेताना पुरेवाट होते. बैल भित्रे नसतात, हट्टीही नसतात. ते रोजच्या वळणाला प्रामाणिक असतात, इतकेच.

पुढे गोष्ट आणखी बिघडते. दहाला लागताच सुटणारी बोटे नवाला सुटू लागतात, मग आठाला, मग साईट कागदाला शिवताच. सरावलेले शरीर खुणेची वाट न पाहता खुणेच्या आधीच धावू लागते. काहींच्या बाबतीत मन याला विरोध म्हणून लगाम घालते: पिवळ्यावर गेले की बाण सुटतो, तर मग पिवळ्यावर जायचेच नाही. साईट खाली खिळते ती यामुळे. लवकर सुटणारा मुलगा आणि अडकून बसणारी मुलगी ही दोन निराळ्या स्वभावांची उदाहरणे वाटतात खरी; पण दोघांचे दुखणे एकच.

भीती शिरते ती यानंतर. रेषेवर उभे राहण्यापूर्वीच हाताला घाम येतो. बाद फेरीच्या सामन्यात आळीपाळीने बाण मारताना एका बाणास अवघे 20 सेकंद मिळतात, आणि घड्याळाचे आकडे उलटे पळत असतात. मागे पालक, शिक्षक, गावकरी. आता मात्र तो मुलगा खरोखरच घाबरलेला असतो. लक्ष्याला नव्हे, स्वतःच्या हाताला.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेतील विसरलेला भाग

धनुर्विद्येचा विषय निघाला की आपल्याकडे पोपटाच्या डोळ्याची गोष्ट निघणारच. शाळाशाळांतून ती सांगितली जाते: युधिष्ठिराला झाड दिसले, फांद्या दिसल्या, गुरू दिसले, भाऊ दिसले, अर्जुनाला केवळ डोळा दिसला. तात्पर्य, एकाग्र व्हा, लक्ष्याखेरीज काही पाहू नका. महाभारताच्या आदिपर्वात पोपट नसून कृत्रिम भास पक्षी आहे आणि डोळ्याऐवजी शिर आहे, पण तो तपशील गौण. या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे, आणि वर्गात सांगताना तो बहुधा गळतो.

द्रोणाचार्यांनी राजपुत्रांना आधीच सांगून ठेवले होते, की बाण लावून सज्ज राहा आणि मी सांगेन तेव्हाच सोडा. अर्जुन धनुष्य ताणून उभा राहिला. पक्षी दिसत होता. शिर दिसत होते. गुरू प्रश्नामागून प्रश्न विचारीत होते आणि तो ताणलेल्या धनुष्यानिशी उत्तरे देत होता. बाण सुटला तो पक्षी दिसला म्हणून नव्हे, तर आज्ञा झाली म्हणून. दिसणे आणि सोडणे या दोन गोष्टींमध्ये त्याच्यापाशी अंतर होते. लक्ष्यभयाच्या रोग्याजवळ नेमके हेच अंतर उरलेले नसते. त्याला लक्ष्याखेरीज काही दिसत नाही, हीच तर त्याची अडचण असते! अशा मुलाला "लक्ष्यावर अधिक लक्ष दे" असे बजावणे म्हणजे तापलेल्या माणसाच्या अंगावर आणखी एक घोंगडी टाकण्यासारखे आहे.

हा आजार आजचा नाही आणि एकट्या आपला नाही. जपानच्या पारंपरिक धनुर्विद्येत, म्हणजे क्यूदोमध्ये, पूर्ण ताणाच्या अवस्थेत न थांबता बाण सुटून जाण्यास 'हायाके' असे स्वतंत्र नाव आहे. उलट बाण सोडताच न येण्यास 'मोतारे' म्हणतात. ज्या दोषांना भाषेने स्वतंत्र शब्द दिले, ते दोष तेथील गुरूंनी पुष्कळ पाहिले असले पाहिजेत. ऑयगेन हेरिगेल हे जर्मन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक 1924 ते 1929 या काळात सेंदाई येथे अध्यापन करीत होते. तेथे आवा केन्झो यांच्यापाशी ते धनुर्विद्या शिकले. त्यांच्या 1948 सालच्या पुस्तकात, दोन-एक मीटरवरच्या गवताच्या भाऱ्यावरच वर्षानुवर्षे बाण सोडीत राहावे लागल्याचे वर्णन आहे. त्यातील गूढवादाविषयी जपानी अभ्यासकांनीच पुढे शंका घेतल्या, आणि त्या रास्तही असाव्यात. पण हाताच्या अंतरावरचा तो बिनलक्ष्याचा भारा गूढ मुळीच नाही. तो उपाय आहे, आणि पुढे त्याचा विचार करावयाचा आहे.

इतर खेळांतही याचे भाऊबंद आढळतात. डार्ट्स या खेळात पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या एरिक ब्रिस्टोला 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात हातातील डार्ट सोडता येईना. गोल्फमध्ये बर्नहार्ड लँगर याच्यासारख्या अव्वल खेळाडूने जवळचा चेंडू ढकलताना होणाऱ्या हिसक्याशी अनेक वर्षे झुंज दिली. क्रिकेटप्रेमींना 2001 साली लॉर्ड्सवर झालेला एक अंतिम सामना आठवत असेल. लिस्टरशायरच्या स्कॉट बॉसवेल या गोलंदाजाचे एक षटक संपता संपेना, वाइडमागून वाइड पडत गेले आणि ते 14 चेंडूंचे झाले. या मंडळींना भित्रे अथवा आळशी कोण म्हणेल? सर्वच विकार एका मापाचे नसतात हेही खरे. काहींच्या मुळाशी मज्जासंस्थेतील बिघाड असतो. एखाद्या मुलाचा हात लिहिताना वा पाण्याचा पेला उचलतानाही वाकडातिकडा होत असेल, तर त्यास प्रशिक्षकाकडे नव्हे, डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

यंत्राची मदत आणि तिची मर्यादा

रिकर्व्ह धनुष्यावर बाणाच्या टोकापाशी पोलादाची एक पातळ पट्टी बसवलेली असते. तिला क्लिकर म्हणतात. बाण ओढत आणताना टोक पट्टीखालून शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सरकले, की पट्टी 'टिक्' असा आवाज करून धनुष्यावर आपटते. आवाज झाला म्हणजे ओढ पूर्ण झाली, आता सोडावे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर हे लहानसे साधन रूढ झाले. त्याची खरी खुबी ही, की आज्ञेचा अधिकार डोळ्याकडून काढून तो कानाकडे दिला. डोळ्याने पिवळ्यावर खुशाल राहावे. सोडण्याचा निर्णय त्याच्या हाती नाही. कंपाऊंड धनुष्याच्या खेळाडूंसाठी दोरी धरण्याचे व सोडण्याचे हातातील यंत्र असते. त्याचा खटका बोटाने एकदम दाबण्याची खोड ज्यास लागली, त्यास खटका नसलेले आणि पाठीच्या ओढीने आपोआप सुटणारे यंत्र देतात. बाण नेमका केव्हा सुटेल हे त्यालाच ठाऊक नसल्याने शरीराला आधी धावता येत नाही.

तथापि यंत्र विकत घेतले म्हणजे विकार गेला, असे कोणी समजू नये. शरीर मोठे चतुर असते. काही दिवसांनी ते क्लिकरलाही खूण बनवते. मग असे खेळाडू दिसतात, की ज्यांचे बाणाचे टोक पट्टीखाली येऊन अडते आणि शेवटचे दोन मिलिमीटर काही केल्या सरकत नाहीत. खरेदीचे प्रस्ताव तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. साधनांसाठी तरतूद व्हावी, याविषयी दुमत नाही. परंतु पुष्कळ वेळा त्या मुलाची गरज महागड्या धनुष्याची नसून हलक्या धनुष्याची असते. पेलवत नसलेल्या ताणाचे धनुष्य हे लवकर बाण सुटण्याचे एक हमखास निमित्त. मोठ्या मुलांची धनुष्ये 'वाया जाऊ नयेत' म्हणून लहानांच्या हाती देण्याची आपली काटकसर येथे फार महागात पडते.

उपचार

पहिली पायरी ऐकून पालक नाराज होतात. लक्ष्याचा कागद काढून टाकावयाचा. गवताचा अथवा फोमचा ठोकळा, ज्यास मैदानावर बट्रेस म्हणतात, तो खांद्याच्या उंचीवर ठेवावा आणि खेळाडूने त्यापासून तीन-चार पावलांवर उभे राहावे. इतक्या जवळून बाण चुकण्याचा संभव नाही. धनुष्य ताणावे, ठोकळ्यावर रोख आहे याची खात्री करावी, डोळे मिटावेत आणि ओढ पाठीतून कशी पूर्ण होते, बोटे कशी सैल पडतात, एवढेच अनुभवावे. या वेळी शेजारी प्रशिक्षक हवाच, आणि ठोकळ्याच्या बाजूला वा मागे कोणी असता कामा नये. गुण नाहीत, पिवळे नाही, चुकीचे काही नाही. रोज असे कितीतरी बाण सोडावे लागतात. याला किती दिवस लागतील, असे प्रत्येक जण विचारतो. काही दिवसांत हे होत नाही. काही आठवडे लागतात, आणि ज्याची सवय जुनी त्याला अधिक. जे हजारो वेळा गिरवले गेले, ते पाच-पंचवीस बाणांनी पुसले जात नाही.

याच काळात, पण निराळ्या वेळी, दुसरा सराव चालतो. कागद लावलेला असतो, खेळाडू जवळच्या अंतरावर उभा राहतो, ताणतो, साईट पिवळ्यावर नेतो, तेथे तीन, चार, पाच सेकंद राहतो आणि धनुष्य सावकाश उतरवतो. बाण सोडावयाचा नाहीच. पहिल्या दिवशी कित्येकांना हे जमत नाही. पिवळ्यावर जाताच बोटे उघडतात आणि ते ओशाळे होतात. म्हणून या सरावातही बाण लावलेला असावा आणि समोर ठोकळा असावा. रिकामी दोरी मात्र कधीही सोडू नये. त्याने धनुष्य फुटते आणि इजा होते. हळूहळू शरीराला नवी गोष्ट कळते, की पिवळे दिसणे म्हणजे सोडणे नव्हे. पिवळ्यावर नुसते थांबताही येते. जी मुलगी तांबड्यात अडकून बसत होती, तिला हे पहिल्यांदा जमते तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मग या दोन वेगळ्या केलेल्या गोष्टी पुन्हा जोडावयाच्या. येथे एक साधा आणि बिनखर्चाचा अभ्यास फार उपयोगी पडतो. खेळाडूने ताणून पिवळ्यावर थांबावे. मागे उभ्या असलेल्या सोबत्याने किंवा शिक्षकाने मनाला येईल तेव्हा "सोड" म्हणावे, अथवा "उतरव" म्हणावे. कोणता शब्द येईल हे खेळाडूस ठाऊक नसते, त्यामुळे त्याला शब्दाची वाट पाहावीच लागते. द्रोणाचार्यांची परीक्षा ती हीच. काही दिवसांनी बाहेरचा शब्द थांबतो आणि खेळाडू तो मनातल्या मनात स्वतःला देऊ लागतो. अनेक जण ताणापासून सुटण्यापर्यंतची आपली क्रिया चार-पाच शब्दांत बांधून प्रत्येक बाणाला ती मनात म्हणतात: "खांदा, हनुवटी, पाठ, पाठ, पाठ." शब्द कोणतेही चालतील. पाठावर ध्यान गुंतले, की बोटांना परभारे निर्णय घेण्यास वाव उरत नाही.

अंतर वाढवावे ते सावकाश. पाच मीटरवर मोठा कागद, मग दहा, मग अठरा, मग तीस. एखाद्या अंतरावर जुनी खोड डोके वर काढते. ती दिसताच त्याच दिवशी मागच्या अंतरावर यावे. "आणखी चार बाण मारून बघू" असे म्हणू नये. पुढे जाण्यापेक्षा हे मागे येणेच प्रशिक्षकांना अधिक जड जाते, असा अनुभव आहे.

या सर्व काळात स्पर्धा नाही. गुणपत्रिका नाही. खरी अडचण सुरू होते ती येथून.

वेळ कोण देणार

महाराष्ट्राने या खेळात अलीकडे जे मिळवले ते थोडे नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला प्रवीण जाधव 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिक मैदानावर उभा राहिला. बर्लिन येथे ऑगस्ट 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारात जगज्जेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेऊन पुरुषांचे विजेतेपद मिळवले. या विजेत्यांचा प्रस्तुत विकाराशी संबंध जोडण्याचे कारण नाही. त्यांचे नाव घ्यावयाचे ते इतक्यासाठी, की अशा यशानंतर प्रत्येक गावाला आपल्या मैदानावर एक जगज्जेता दिसू लागतो, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना पहिल्या महिन्यापासून विचारले जाते, "किती गुण पडले?"

शिक्षक विचारतात, पालक विचारतात. पंचायतीने मैदानासाठी जागा दिलेली असते, तेव्हा सदस्यांनीही विचारणे स्वाभाविक आहे. अधिकाऱ्यांना तर अहवालात रकाने भरावयाचे असतात: सहभागी किती, पदके किती. तीन पावलांवरच्या ठोकळ्यावर डोळे मिटून बाण सोडणाऱ्या मुलासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. परिणामी होते असे, की उपचार सुरू करून दहा दिवस होतात, तालुक्याची स्पर्धा जाहीर होते, "एवढी स्पर्धा मारून घे, मग बघू" असा सल्ला मिळतो, आणि दहा दिवसांचे काम एका सकाळी धुऊन निघते. असे दोन-तीनदा झाल्यावर मूल स्वतःच मैदानावर येणे सोडते. घरी सांगते, अभ्यास आहे. नोंदवहीत शेरा पडतो: सरावात अनियमित.

आश्रमशाळांतील मुलांच्या बाबतीत तर अधिक सावध असावयास हवे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या आदिवासी भागातून आलेला लिंबा राम 1988 साली सेऊल ऑलिंपिकमध्ये पोहोचला, तेव्हापासून 'आदिवासी मुलांच्या रक्तातच धनुर्विद्या असते' हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने बोलले जाते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याच्या रक्तात विद्या आहे असे सांगितले, त्याचा हात अडला म्हणजे त्याने कोणाकडे पाहावे? बांबूच्या धनुष्याने बिनसाईटचा नेम मारणाऱ्या मुलाच्या हाती प्रथमच साईट व क्लिकर लावलेले धनुष्य दिले जाते, तेव्हा तो एक नवी विद्या शिकत असतो. त्यालाही इतरांइतकाच वेळ लागणार, आणि इतरांसारख्याच खोडी जडणार.

मागण्या मोठ्या नाहीत. सत्तर मीटरचे सुरक्षित मैदान प्रत्येक गावाला देता येणार नाही. पण तीन पावलांवरचा ठोकळा शाळेच्या आवारात, भक्कम भिंतीच्या आडोशाला, मुलांची येजा नसलेल्या कोपऱ्यात सहज बसतो, आणि तेवढी सोय पंचायतीच्या आवाक्यातील आहे. प्रशिक्षकाने एखाद्या मुलास दोन-तीन महिने स्पर्धेपासून दूर ठेवण्याची शिफारस केली, तर मुख्याध्यापकांनी आणि क्रीडा अधिकाऱ्यांनी ती रजेच्या अर्जासारखी निमूट मान्य करावी. त्या काळात त्याची वसतिगृहातील जागा, आहार आणि धनुष्य काढून घेऊ नये. पाय मोडलेल्या खेळाडूला आपण इतके देतोच. फरक एवढाच, की येथे प्लास्टर दिसत नाही. आणि मागे उभे राहून "थांब, थांब" असे ओरडणे आजपासून बंद व्हावे. त्या शब्दाने आजवर एकही बाण थांबलेला नाही.

मुलांपाशीही याविषयी उघडपणे बोलावे. या खेळात दबक्या आवाजाची एक प्रथा आहे: नाव घेतले तर विकार आपल्यालाही जडेल, या समजुतीने खेळाडू एकमेकांत तो शब्दही उच्चारीत नाहीत. त्यामुळे ज्याला त्रास होतो त्याला वाटते, आपण जगात एकटेच. पाच वेळा जगज्जेता झालेल्या माणसाचाही हात अडला होता, हे त्याला शिक्षकाने सांगितले, तर निम्मे ओझे तिथेच उतरते.

विकार एकदा गेला की कायमचा गेला, असे मात्र कोणी वचन देऊ नये. मोठी स्पर्धा, नवे धनुष्य, लांबलेली सुट्टी, घरातील काळजी, यांपैकी कशानेही तो परतू शकतो. ज्यांनी त्याच्याशी दीर्घकाळ संसार केला आहे असे खेळाडू म्हणून रोजचा सराव सत्तर मीटरवरून सुरू करीत नाहीत. सकाळी मैदानावर आले, की आधी ठोकळ्यापाशी जातात, तीन पावलांवर उभे राहतात आणि कागद न लावता पहिले पंधरा-वीस बाण सोडतात. मग साईट लावतात, भाता उचलतात आणि रेषेकडे चालू लागतात.